घर पाहावं भाड्यानं देऊन

मेहरूण म्हटलं की खानदेशातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात, तलाव आणि बोरं. मेहरूणची बोरं पूर्वी पाट्या भरभरून बाजारात जायची, आणि आजही थंडी सुरू झाली की गिऱ्हाईक नाव घेऊन विचारतं, "मेहरूणची आहेत का?" आता तिसरी गोष्टही दिसते. घरांच्या फाटकांवर, विजेच्या खांबांवर खडूनं नाहीतर रंगानं लिहिलेलं असतं, "खोली भाड्याने देणे आहे". खाली मोबाइल नंबर. फोन लावला तर बहुतेक वेळा बाईच उचलते. खोली तीच दाखवते, भाडं तीच सांगते, "पाणी सकाळी येतं, भरून ठेवावं लागेल" हेही तीच बजावते. कागद करायची वेळ आली की मात्र म्हणते, "थांबा, यांना विचारते."

आजच्या बोलण्याचा विषय हाच. भाड्याच्या खोलीचं उत्पन्न म्हणजे बसल्या जागी पैसा, असा आपल्याकडे समज आहे. गटातल्या बैठकीतही कुणीतरी म्हणतंच, "कर्ज काढून दोन खोल्या टाकते, हप्ता भाड्यातून फिटेल." या समजाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की कळतं, हे काम कधीच आयतं नव्हतं. ते बायकांनी केलं, पण कागदावर फार क्वचित त्यांचं नाव आलं.

आधी जळगावचंच पाहू. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी खानदेशाचा कारभार धुळ्याहून चालायचा आणि जळगाव एक साधं बाजाराचं गाव होतं. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेचे रूळ आले. नेमक्या त्याच वर्षांत, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. जळगाव रातोरात कापसाची पेठ झालं. युद्ध संपताच भाव कोसळले आणि व्यापारी बुडाले, पण गाव वाढायचं थांबलं नाही. पोलन नावाच्या कलेक्टरच्या नावानं नवी पेठ वसली, तीच आजची पोलन पेठ. १८७०च्या दशकात मुळजी जेठा यांची कापडाची गिरणी उभी राहिली. जिन आणि प्रेस वाढत गेले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव पूर्व खानदेशाचं मुख्य ठिकाण झालं, आणि कचेऱ्यांबरोबर कारकून, वकील, मास्तर आले.

एवढी माणसं आली ती राहिली कुठे? भाड्याच्या खोल्यांत. वाड्यांच्या पडव्या अडवून खोल्या निघाल्या, चाळी झाल्या. जिनात कापूस निवडायला, चरख्यांवर सरकी वेगळी करायला बायकाच जास्त असायच्या. त्या किती तास राबतात याची चर्चा १८८५च्या सुमारास मुंबई सरकारच्या फॅक्टरी आयोगापुढेही झाली होती. हंगाम चार-पाच महिन्यांचा. हंगामापुरती खोली घ्यायची, हंगाम संपला की बोचकं बांधून गावी जायचं. म्हणजे खोली वर्षातले काही महिने रिकामी राहणार हे त्या काळच्या मालकालाही ठाऊक होतं. आजची मालकीण हिशोब करताना हीच गोष्ट विसरते. त्याकडे पुढे येतोच.

मेहरूण तेव्हा गावाबाहेर होतं. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की जळगावला दोन मैलांवरच्या मेहरूण तलावाचं पाणी नळानं नेलेलं होतं. शहराची तहान आधी मेहरूणनं भागवली, मग शहराला जमीन लागली तेव्हा जमीन दिली. आता मेहरूण महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि बोरीच्या झाडांच्या जागी प्लॉट पडले आहेत.

आता बाईकडे वळू. जुन्या घरांमध्ये विधवा सुनेला काय मिळायचं? अन्न, वस्त्र आणि राहायला कोपरा. घर बरं असेल तर वाड्यातल्या एक-दोन खोल्या तिच्या पोटगीसाठी तोडून द्यायचे. त्यांचं भाडं तिनं खायचं आणि दिवस काढायचे. पण ते घर तिचं नसायचं. १९३७ साली कायदा झाला आणि हिंदू विधवेला नवऱ्याच्या हिश्शाइतका हक्क मिळाला, तोही हयातीपुरता. भाडं घे, पण घर विकू नको, गहाण ठेवू नको. ठेवायचंच असेल तर तशी गरज होती हे सिद्ध कर. आणि तू गेलीस की घर पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जाईल. भाडं न देणाऱ्या भाडेकऱ्याला ही परिस्थिती चांगली माहीत असायची. बाई कोर्टात जाणार नाही, तिचे दीर तिला जाऊ देणार नाहीत.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं हे बदललं. त्यातल्या चौदाव्या कलमानं बाईच्या ताब्यातली मर्यादित हक्काची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं तुलसम्मा यांच्या खटल्यात हेही स्पष्ट केलं की पोटगीच्या हक्कापोटी दिलेली मिळकतही या कलमाखाली पूर्ण मालकीची होते. म्हणजे ज्या बाईला "तुझ्या पोटापुरत्या" म्हणून दोन खोल्या दिल्या होत्या, ती त्या खोल्यांची मालकीण झाली. पुढे महाराष्ट्रात १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला, २००५ साली तो देशभर झाला. आमच्या मते खानदेशातल्या अनेक घरांत ही बातमी अजून पोचलेलीच नाही. पोचली असली तरी ओट्यावर बोलायची सोय नाही.

हे झालं मालकीचं. आता भाड्याच्या कायद्याचं, कारण भांडणं तिथंच जास्त होतात.

भाड्यावर सरकारनं पहिल्यांदा लगाम घातला तो पहिल्या महायुद्धात, १९१८ साली. युद्धामुळे महागाई वाढली होती, मुंबईत माणसांची गर्दी झाली होती, मालक वाटेल ते भाडं मागत होते. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच घडलं. त्यातून १९४७ साली मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांनाही लागू होत गेला. त्याचा गाभा असा होता की १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. त्यावर मालकानं वाढ मागायची नाही, पागडी घ्यायची नाही, आणि भाडं वेळेवर देणाऱ्याला बाहेर काढायचं नाही.

भाडेकरू कुटुंबांना या कायद्यानं खरोखर छप्पर दिलं. गिरणी कामगार, कारकून, विधवा भाडेकरीण, सगळ्यांना. उद्या मालक भांडी रस्त्यावर फेकील ही भीती गेली. पण वर्षं गेली, सोनं-धान्य-सिमेंट कितीतरी पटींनी महागलं आणि भाडं १९४०चंच राहिलं. महिन्याचं भाडं एका कुलपाच्या किमतीएवढंही उरलं नाही. मग मालक कौलं का फिरवतील? मोरी का दुरुस्त करतील? जुन्या पेठांमधले कितीतरी वाडे असेच खचले. मालक म्हणे, "भाड्यात परवडत नाही", भाडेकरू म्हणे, "मालकाचं काम आहे", आणि भिंत दोघांचंही न ऐकता पडे. पागडीवर बंदी होती, पण ती हातावर हात ठेवून चालतच राहिली, आणि तिची पावती कधीच नसायची.

मग मालकांनी वाट काढली. भाडेकरू न म्हणता "परवान्यानं राहणारा" म्हणायचं, म्हणजे कायदा लागत नाही. सरकारनं त्यावर १९७३ साली दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यानं राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे आजही म्हाताऱ्या सासवा म्हणतात, "खोलीला कुलूप राहू दे, पण भाडेकरू नको, तो हलत नाही." ही भीती उगीच आलेली नाही, ती त्या दिवसांची आहे. फक्त कायदा आता तो राहिलेला नाही.

डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितलं की भाडं १९४०च्या आकड्यावर गोठवून ठेवणं आता न्याय्य उरलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुने कायदे गेले. या कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येक मालकिणीनं आणि प्रत्येक भाडेकरणीनं ऐकाव्यात अशा आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, कागद. कलम ५५ सांगतं की भाड्याचा करार किंवा परवान्याचा करार, ज्याला लोक "लिव्ह अँड लायसन्स" म्हणतात, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि उद्या वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे एक मोठा गैरसमज आहे. लोक म्हणतात, "अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही." हे अकरा महिने आले कुठून? १९०८च्या नोंदणी कायद्यानं वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी वर्षाला एक महिना कमी केला. पण भाडेनियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. स्टँपवर टाइप करून दोन सह्या घेतल्या आणि कपाटात ठेवला, एवढ्यानं भागत नाही. अशा अनोंदित कागदांची थप्पी आज घराघरांत आहे.

खर्च किती येतो? महिना अडीच हजार भाडं, दहा हजार अनामत आणि अकरा महिने धरले तर परवान्याच्या कराराचं मुद्रांक शुल्क शेकडा पाव टक्का, म्हणजे शंभराच्या घरात. नोंदणी फी शहरात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. नोंदणी ऑनलाइनही होते, आधार आणि अंगठा लागतो. वर करून देणाऱ्याचे पैसे. एका महिन्याचं भाडंही जात नाही. नोंदवलेल्या परवान्याचा मोठा फायदा असा की मुदत संपूनही राहणारा माणूस खोली सोडत नसेल तर मालकीण सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, आणि राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट रक्कम मागू शकते.

दुसरी गोष्ट, मालकाच्या मर्जीला असलेल्या मर्यादा. या कायद्याखालच्या भाडेकरूचं भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस, मग नव्वद दिवस, मग दावा. नळ तोडायचा, वीज कापायची, कडी लावून सामान बाहेर काढायचं, हे चालत नाही. कलम २९ तसं करायला मनाई करतं. रागाच्या भरात बायका हे करतात, आणि मग ज्याच्याकडून भाडं यायचं होतं तोच तक्रारदार होतो. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. भाडेकरूनं लेखी कळवूनही पंधरा दिवसांत काही झालं नाही तर तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत.

आता खेड्यातल्या मैत्रिणी विचारतील, "आमच्या गावाला हे लागतं का?" कायद्याच्या परिशिष्टांत शहरं आणि गावं नावानिशी दिलेली आहेत. जळगाव, धुळ्यासारख्या शहरांत तो लागतो. ज्या ग्रामपंचायतीचं गाव त्यात नाही तिथे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. तिथे महिन्यानं दिलेली खोली सोडवायला पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरते. भाडेकरूला संरक्षण कमी, मालकिणीला कटकट कमी. पण गाव शहराच्या हद्दीत गेलं की नियम बदलतात, आणि मेहरूणसारख्या कितीतरी गावांचं तेच झालं आहे किंवा होणार आहे. म्हणून कागद आजपासूनच नीट ठेवलेला बरा.

आता खोलीच्या हिशोबाकडे येऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, पुढे जळगावात अजिंठा रस्त्याला एमआयडीसी उभी राहिली. डाळ मिल, चटईचे कारखाने, प्लास्टिकचे पाइप. कामगार आले, जवळच्या खेड्यांतून आणि उत्तर प्रदेश, बिहारमधूनही. जिथे कामगार तिथे खोल्या. मेहरूण आणि आसपासच्या वस्त्यांत घराच्या वर एक मजला, मागे दोन खोल्या, सामाईक मोरी अशी बांधकामं झाली. शिकायला आलेल्या मुलांची भर पडली ती वेगळीच.

समजा गटातल्या एका ताईनं चार लाखांत दोन खोल्या बांधल्या. एक लाख घरचे, तीन लाख कर्ज, व्याज वर्षाला शेकडा बारा. एका खोलीचं भाडं अडीच हजार, म्हणजे दोन खोल्यांचे वर्षाला साठ हजार. ताई इथेच थांबते आणि पेढे वाटते. आपण पुढे जाऊ. वर्षात एकेक खोली सरासरी दोन महिने रिकामी राहिली तर दहा हजार गेले, उरले पन्नास. चुना-रंग, तुटलेला नळ, गळका पत्रा यांना सहा हजार. घरपट्टी-पाणीपट्टी चार हजार. पाण्याची मोटर आणि जिन्यातला दिवा तीन हजार. उरले सदतीस हजार. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज छत्तीस हजार. हातात राहिले एक हजार रुपये, आणि मुद्दल तसंच उभं. ताईच्या जिने झाडण्याची, टाकी धुण्याची, महिन्याच्या पाच तारखेपासून वीस तारखेपर्यंत रोज दार वाजवण्याची मजुरी यात कुठेच नाही. आम्ही म्हणत नाही की खोल्या बांधू नका. कर्ज कमी आणि घरचा पैसा जास्त असेल तर हाच हिशोब चांगला बसतो. पण पूर्ण कर्जावर बांधलेली खोली भाड्यातून फिटते हे कागदावर मांडल्याशिवाय मानू नये.

आणि रिकामे महिने दोनच असतील याची तरी हमी कोण देणार? मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, कारखाने बंद झाले, कामगार गावी गेले, मुलं घरी गेली. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं मालकांना सांगितलं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकल्याबद्दल कुणाला बाहेर काढू नये. माणुसकीनं ते बरोबरच होतं. पण ज्या बाईचं घर त्या भाड्यावर चालतं तिचा किराणा कुणी पुढे ढकलला नाही. तेव्हापासून आम्ही सांगतो की भाड्यातला काही भाग दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावा, तीन महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम होईपर्यंत त्याला हात लावू नये.

हा हिशोब मोठमोठ्यांनाही चुकतो बरं का. जळगाव शहरातली सगळ्यांत मोठी घरमालकीण कोण? महापालिका. फुले मार्केटसारख्या व्यापारी संकुलांतले दोन हजारांहून जास्त गाळे तिच्या मालकीचे. त्यांपैकी बहुतेकांच्या कराराची मुदत २०१२ साली संपली. मुदत संपायच्या आत नवा करार, नवं भाडं ठरलं नाही. गाळेधारक तिथेच बसून राहिले, भाडं किती यावर वाद, मग मोठमोठ्या रकमांची थकबाकीची बिलं, नोटिसा, मोर्चे, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत. त्याच पालिकेच्या डोक्यावर घरकुलांसारख्या कामांसाठी घेतलेलं हुडकोचं कर्ज होतं. एका हाताला हप्ता, दुसऱ्या हाताला न येणारं भाडं. गाळेधारकही सगळे धनदांडगे नव्हते, बांगड्या विकणारे, शिवणकाम करणारेही त्यात होते, आणि एवढ्या वर्षांची रक्कम एकदम भरा म्हटल्यावर त्यांचेही धाबे दणाणले. आमच्या मते यात मालकाची चूक मोठी. मुदत संपण्याची तारीख आधीच माहीत असते. ज्या पालिकेकडे वकील, इंजिनीअर, कारकून सगळे आहेत तिची ही गत, तर कॅलेंडरवर तारीख न लिहिणाऱ्या बाईची काय होईल? करार संपायच्या दोन महिने आधी बोलणी सुरू करावीत.

आणखी थोडं विजेबद्दल, कारण यात बायका हमखास फसतात. खोली राहायला दिली, मीटर घरगुती, आणि भाडेकरूनं पुढच्या खोलीत किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी काढली. वीज कायद्याच्या कलम १२६नुसार हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. मीटर तुमच्या नावावर, तेव्हा बिलही तुमच्या नावावर. करारात "फक्त राहण्यासाठी" हे शब्द हवेत, आणि महिन्यातून एकदा मीटरचा आकडा वहीत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हाही त्रास वाटतो, पण काही विपरीत घडलं तर पहिला प्रश्न मालकिणीलाच येतो.

आता मूळ दुखण्याकडे परत येऊ. खोल्या बाई सांभाळते, भाडं बाई वसूल करते, करारावर सही नवऱ्याची. नवरा असेपर्यंत चाललं. तो गेला की पहिल्या महिन्याला भाडेकरू विचारतो, "काकू, भाडं कुणाला द्यायचं? तुमच्या दिरांनी सांगितलंय त्यांच्याकडे द्या म्हणून." तो वाईट माणूस नसतो, त्याला खरंच कळत नसतं. करार मेलेल्या माणसाच्या नावाचा, घराच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव, वारसनोंद झालेली नाही. अशा वेळी बाईच्या हातात काय असतं? तिची वही असते, नीट ठेवली असेल तर. कुठल्या महिन्याचं भाडं कुणाकडून आलं, कुठली दुरुस्ती तिनं केली, घरपट्टीच्या पावत्या. या वहीमुळे मालकी सिद्ध होत नाही, पण कारभार तीच करत होती हे दिसतं. त्या बळावर वारसनोंदीचा अर्ज तातडीनं करावा, शहरात नगर भूमापन आणि महापालिकेच्या दप्तरी, गावात ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर. सगळ्या भाडेकरूंना लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

त्याहून बरं म्हणजे नवरा असतानाच नाव लावणं. राज्य सरकारनं २००३ साली ग्रामपंचायतीच्या नोंदीत पती-पत्नी दोघांचं नाव लावायला सांगितलं, "घर दोघांचे" म्हणून. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्यांना ही सवलत फार आवडते, म्हणून नाव लागतं. लागू द्या, कारण काही का असेना. मात्र नाव लागलं की करारावर सहीही तुमचीच हवी, आणि भाडं तुमच्या खात्यात. नाहीतर नाव दारावरच्या पाटीपुरतं.

आणि आपल्यातल्या पुष्कळजणी मालकिणी नाहीत, भाडेकरणी आहेत. शहरात कामाला गेलेली, मुलांना शिकवायला खोली घेऊन राहिलेली, नवऱ्यानं टाकलेली. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळतो, म्हणजे त्याच्या बायकोलाही. फक्त ती तिथे राहत होती याचा पुरावा लागतो. भाडं घेतल्याची पावती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. पावती नसेल तर भाडं फोनवरून पाठवावं किंवा खात्यात भरावं, आणि महिना लिहावा. रोख दिलंच तर वहीत मालकिणीची सही घ्यावी. मालकीण म्हणेल, "अगं, माझ्यावर विश्वास नाही का?" तेव्हा दोघींनी मिळून दहा रुपयांचं पावतीबुक आणावं, कार्बन घालावा, एक प्रत इकडे, एक प्रत तिकडे. मुलाच्या शाळेचा दाखला, गॅसची जोडणी, रेशन कार्डावरचा पत्ता, अशा प्रत्येक ठिकाणी राहत्या पत्त्याचा पुरावा मागतात, तेव्हा तिला नोंदवलेला करार आणि या पावत्याच दाखवाव्या लागतात.